गोधडीचे वर्णन

छत्री हरवली तर फारसे बिघडत नाही, कारण शोधणारा थोड्या वेळाने दुसऱ्या कोणाची तरी छत्री घेऊन समाधानाने घरी परततो. हाताने शिवलेल्या गोधडीच्या बाबतीत ही सोय नाही, हे मला आमची गोधडी हरवल्यावर कळले.

ती हरवली माझ्यामुळे. ओली गोधडी पिळायला दोन माणसे लागतात, आणि दोघेही एकाच दिशेने पिळू लागले तर त्यांचे भांडण सोडवायला तिसरे लागते. म्हणून आईचा विरोध डावलून मी ती लाँड्रीत दिली. आठ दिवसांनी पावती घेऊन गेलो, तेव्हा दुकानदाराने जांभळ्या रंगाचे एक लोकरी ब्लँकेट काढून माझ्यापुढे ठेवले आणि "हेच ना, साहेब?" असे अत्यंत विश्वासाने विचारले. मी नाही म्हणताच त्याने वही उघडली.

"मग वर्णन सांगा."

बावीस वर्षे मी त्या गोधडीखाली झोपलो होतो. तापात कण्हलो होतो, परीक्षेच्या पहाटे तोंड लपवून पडलो होतो. तरीही "रंग कोणता?" या साध्या प्रश्नाला माझ्या तोंडून "रंगीत" एवढेच उत्तर निघाले. लांबी विचारली, तेव्हा मी म्हणालो, "खांदे झाकले की पाय उघडे पडतात, एवढी."

"हे तुमचे वर्णन झाले, साहेब," तो म्हणाला आणि त्याने वही मिटली.

घरी येऊन मी सर्वांच्या साक्षी नोंदवायला बसलो. बहिणीला गोधडीचा फक्त एक कोपरा आठवत होता, कारण तिथे तिच्या लहानपणीच्या फ्रॉकचे कापड लावलेले होते. बाबांना त्यांचा निळ्या रेघांचा शर्ट आठवत होता, आणि आईने तो कापला त्या दिवशी तो उत्तम स्थितीत होता, ही बावीस वर्षे मनात धुमसणारी तक्रार त्यांनी या निमित्ताने पुन्हा एकदा सविस्तर मांडली. आईने मात्र "मला दाखवा, मी ओळखीन" यापलीकडे एक शब्दही काढला नाही.

मग छायाचित्रे धुंडाळली. त्यांत भाच्याच्या बारशापासून माझ्या कांजिण्यांपर्यंत सारे काही होते. पण गोधडी दिसे ती नेहमी कोणाच्या तरी अंगाखाली, अंगावर किंवा चौकटीच्या कडेला. सगळे तुकडे जुळवूनही जेमतेम पाव गोधडी तयार होईना. शिवाय सुती कापडाचे रंग उन्हाने आणि धुण्याने उतरतात, तेही सगळे सारखे उतरत नाहीत. घडीच्या आत राहिलेला पट्टा गडद राहतो आणि वरचा फिकट होतो. त्यामुळे जुन्या फोटोवरून गोधडी ओळखणे म्हणजे कॉलेजच्या ओळखपत्रावरून आजचा मी ओळखण्यासारखे होते. अशा वेळी जाणकार भेटतातच. गोधडी सपाट पसरून दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, मापे लिहून ठेवावीत, मागच्या बाजूला नावाची पट्टी शिवावी, असे त्यांनी सांगितले. सल्ला बिनचूक होता. फक्त तो अमलात आणायला गोधडी लागत होती.

पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. "चोरी की गहाळ?" हे ठरेना. किमतीच्या रकान्यात काय लिहावे, हे तर त्याहून ठरेना. कापड जुने, म्हणून त्याचे मोल शून्य. दोरा असेल दोनचार रिळे. उरल्या आईच्या तीन महिन्यांच्या दुपारी, आणि त्या रकान्यात फक्त आकडा मावत होता. "संशय कोणावर?" असे विचारल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिले.

रात्री झोप येईना, म्हणून मी जगातल्या गोधड्यांविषयी वाचत बसलो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १३६० ते १४०० च्या सुमारास सिसिलीत शिवलेली एक रजई आहे. जी वस्तू सहाशे वर्षे टिकू शकते, ती मी आठ दिवसांत घालवली होती. हॅरिएट पॉवर्स या गुलामगिरीत जन्मलेल्या अमेरिकी बाईंनी १८८६ मध्ये आपली गोधडी प्रदर्शनात मांडली, तेव्हा ती विकायला साफ नकार दिला होता. पुढे ओढगस्तीमुळे १८९१ मध्ये ती पाच डॉलरना द्यावी लागली, आणि त्यानंतर त्या आपल्या गोधडीला भेटायला खरेदीदारणीच्या घरी जात राहिल्या. निदान त्यांना पत्ता तरी ठाऊक होता, असा एक क्षुद्र विचार माझ्या मनात येऊन गेला.

दहाव्या दिवशी लाँड्रीतून निरोप आला. गेलो, तर समोर गोधडीच! चौकोनी तुकडे, निळ्या रेघा, मऊ पडलेला काठ. माझा गळा दाटून आला. मी सही केली, दुकानदाराचे दोन्ही हात हातात घेतले आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

आईने गोधडी घेतली आणि थेट उलटी केली. चष्मा कपाळावर सरकवून तिने एका ओळीवरून बोट फिरवले.

"ही माझी नाही."

"अगं, निळ्या रेघा बघ ना!"

"निळ्या रेघांचा शर्ट जगात एकट्या तुझ्या बाबांकडे नव्हता. टाके बघ. माझे टाके इतके सरळ येतात का? आणि खिसा कुठे आहे?"

खिसा! शर्टाचा तुकडा लावताना आईने त्याचा खिसा तसाच ठेवला होता आणि मी त्यात पेन्सिलीचे तुकडे लपवत असे. आता मी वाकून पाहिले. या गोधडीत धावदोऱ्याचे टाके मुंगीच्या रांगेसारखे एकामागून एक गेले होते, इंचाला नऊ तरी असतील, आणि दोऱ्याच्या गाठी आत ओढून दोन थरांमध्ये दडवलेल्या होत्या. आईचे टाके इंचाला पाच, तेही मधेच उतारावरून घसरल्यासारखे. आणि तिच्या गाठी उलट्या बाजूला राजरोस बसलेल्या. त्यांतली एक रोज रात्री माझ्या डाव्या टाचेला टोचत असे. वहीत लिहून घेण्याजोगे वर्णन बावीस वर्षे माझ्या टाचेपाशी होते.

पावत्यांच्या अदलाबदलीचा माग काढत आम्ही त्या दुसऱ्या घरी पोहोचलो. तिथल्या काकूंनी दार उघडले, आमच्या हातातली गोधडी पाहिली आणि त्या ओशाळल्या. घरी आलेले गाठोडे त्यांनी न सोडताच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले होते. ते मांजरीने सोडले आणि त्यात तीन पिल्ले घातली. आमची गोधडी अंधारात पसरली होती, आणि एक पिल्लू बाबांच्या शर्टाच्या खिशात झोपले होते.

"डोळे उघडेपर्यंत राहू द्या, वहिनी," काकू आईला म्हणाल्या. "आठदहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तोवर ही तुमच्याकडेच ठेवा. आमच्या सासूबाईंच्या हातची आहे, त्या स्वतःच येतील न्यायला."

आई लगेच कबूल झाली. बाबांनी शर्टाचा विषय काढायला तोंड उघडले होते, पण पिल्लू पाहून मिटले.

ती सरळ टाक्यांची गोधडी आठवडाभर आमच्याकडे होती. तिसऱ्या दिवशी आईला तिच्या कडेची शिवण थोडी उसवलेली दिसली. आपले काम नव्हे, असे म्हणत ती दोन दिवस गप्प राहिली, मग "चारच टाके घालते" म्हणून सुई घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत एक पूर्ण बाजू शिवून उठली, इंचाला पाच टाक्यांनी, गाठींसकट. उद्या त्या आजी येणार आहेत. त्या आल्या आल्या गोधडी उलटी करून बघतील, याविषयी आईला तिळमात्र शंका नाही. ती बाजू आत राहील, अशी घडी तिने घालून ठेवली आहे.