क्रांतीचे वेध किती वाजता लागतात?

समाज बदलायचाय म्हणता? मग मोर्चे, निवेदनं, ग्रामसभेतली हमरीतुमरी आधी बंद करा आणि पंचांग काढा. २ ऑगस्ट २०२७ ला खग्रास सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरच्या बाजूला सहा मिनिटांहून जास्त वेळ भरदिवसा अंधार. आपल्या वाट्याला खंडग्रासच येणार, पण परिवर्तनाला तेवढं पुरतं. सूर्य म्हणजे सत्ता, चंद्र म्हणजे जनतेचं मन, आणि आता मन सत्तेच्या आड येणार. एवढं पाठ करा, यूट्यूबवर अर्धा तास सहज निघतो. कोणाची सत्ता ते मात्र विचारलं तरी सांगू नका.

भाकीत चुकेल ही भीती तर सोडूनच द्या. सूर्यग्रहणं वर्षात किमान दोन होतात, कधी पाचसुद्धा. विसाव्या शतकात २२८ झाली. म्हणजे जगात काहीही घडो, मागेपुढे तीन महिन्यांत एखादं ग्रहण सापडणारच. घटना आधी घडली असेल तर ते ‘वेध’, नंतर घडली असेल तर ‘फळ’.

नमुन्यादाखल १९२७ घ्या. २४ डिसेंबरला खंडग्रास सूर्यग्रहण झालं आणि दुसऱ्याच दिवशी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली! याहून पक्का पुरावा काय हवा? ते ग्रहण अंटार्क्टिकाच्या बाजूला दिसलं, पाहिलं असेल तर पेंग्विनांनी, हे तुमच्या श्रोत्यांना कळायचं कारण नाही. जिथे ग्रहण दिसत नाही तिथे त्याचे नियम पाळू नयेत असं पंचांगच सांगतं. फळ खायला कुठे बंदी आहे? मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायला गेलेल्यांनी मार खाल्ला होता, डिसेंबरात कोर्टाची मनाई आली होती, पुढे तो दावा १९३७ पर्यंत चालला. हे सगळं बिनदिक्कत गाळा. राहूला कोर्टाच्या तारखा पडत नाहीत.

एखादा आगाऊ पोरगा जयंत नारळीकरांच्या चाचणीचा विषय काढेल. २००८ मधली गोष्ट. काही कुंडल्या हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या, कोणती कुणाची ते ओळखायचं. २७ ज्योतिषांची सरासरी आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. घाबरू नका. म्हणा, ‘ती माणसांची पत्रिका होती, आम्ही समाजाची पाहतो.’ समाजाची जन्मवेळ कुणाच्याच दाखल्यावर नसते, त्यामुळे पडताळा घ्यायला येणार कोण?

एक गोष्ट मात्र चुकूनही बोलू नका. गावोगावी ग्रहण लागलं की ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी यायची. आरोळी देणारे बहुतेक मांगवाड्यातले. राहू-केतू त्यांच्यातले मानले जायचे, म्हणून धान्य, जुनी लुगडी, धोतरं त्यांच्या पदरात वरूनच टाकायची. सूर्याला सोडवायचं काम त्यांच्याकडे, आणि सूर्य सुटला की गावच्या विहिरीवर त्यांनी यायचं नाही. ग्रहणं आली नि गेली, विहीर तशीच. कुणी अगदीच खोदून विचारलं तर हा भाग ‘सामाजिक सलोखा’ या मथळ्याखाली उरका आणि पटकन राशीफलाकडे वळा. कर्क राशीवाल्यांना घाबरवा, ग्रहण त्यांच्याच राशीत आहे.

खरी पंचाईत पुढेच आहे. २ ऑगस्टला सोमवार आणि आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी! सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. म्हणजे पहाटेपासून चूल बंद आणि मंगळवारी श्रावण हजर. महाराष्ट्र सत्तांतर सोसेल, पक्षांतर तर रोजच सोसतो, पण ताटातलं मटण गेलं तर तुमच्या भाकिताची काही खैर नाही. तेव्हा आत्ताच जाहीर करून टाका: समाजपरिवर्तन सोमवारी, गटारी रविवारी. खाटकाला शनिवारीच सांगून ठेवा आणि रविवारी सकाळी पिशवी घेऊन वेळेत नंबर लावा. रांग लांबलचक असेल, व्याख्यान तिथेच सुरू केलंत तरी चालेल.