एका स्टारला उत्तर: आठ नावांची फाईल आणि माझी चिठ्ठी

शेठ, नमस्कार. तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला, कुडाळहून लिहितोय. दुकान माझं, बसवलेला सर्व्हर माझा, म्हणून उत्तरही मीच देतो, पोरांवर सोडत नाही. तुमच्या कारखान्याचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, मीही घेत नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. वेंगुर्ल्याच्या तुमच्या काजू कारखान्यात आम्ही बसवलेल्या प्रॉक्सीने (ऑफिसचं सगळं नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) गुरुवार-शुक्रवार दोन दिवस ऑफिसातल्या कोणाचाच पासवर्ड घेतला नाही. ई-वे बिल निघेना म्हणून गराचा टेम्पो गेटवर उभा राहिला, शेवटी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून बिल काढलंत. मला फोन केलात तर ‘रिस्टार्ट करा, लॉग (सर्व्हरची नोंदवही) बघा’ एवढंच ऐकायला मिळालं. शुक्रवारी संध्याकाळी आमचा पोरगा येऊन चालू करून गेला, पण पुढे तीन आठवडे पासवर्ड न टाकताच सगळ्यांचं नेट चाललं, म्हणजे सर्व्हर घेतलाच कशाला? शिवाय तो रोज सकाळी पासवर्ड मागून डोकं खायचा, आणि कॅशेमुळे (एकदा उघडलेल्या पानाची प्रत जवळ ठेवल्यामुळे) नेट पळेल हे आमचं बोलणं खोटं निघालं. अकाउंटच्या मुलीने काहीतरी भलतंच दाबलं असणार म्हणून तिला ओरडलात, हेही तुम्हीच लिहिलंय.

त्या मुलीपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यानंतरचं आहे.

गेल्या रविवारी मी स्वतः आलो होतो. ऑफिस बंद, वॉचमनने दार उघडून दिलं. स्क्विडची, म्हणजे प्रॉक्सी चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, पासवर्डची फाईल उघडली. त्यात तुमच्या आठ माणसांची आठ नावं हवीत. होतं एकच, डिस्पॅचला नव्याने लागलेल्या मुलाचं. फाईल शेवटची बदलली होती बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला. आणि मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली, पावसाच्या दमटाने कोपरे वर आलेली एक चिठ्ठी होती: ‘नवीन नाव घालायचं असेल तर ही कमांड’. अक्षर माझं. कमांडमध्ये ‘एचटीपासडब्ल्यूडी’ (पासवर्डच्या फाईलमध्ये नाव घालणारा प्रोग्रॅम) आणि त्याच्यापुढे ‘-सी’.

हा ‘-सी’ म्हणजे फाईल नव्याने तयार कर. फाईल आधीच असेल तर हा प्राणी विचारत नाही, जुनी पुसून टाकतो. सर्व्हर बसवला तेव्हा फाईल नव्हतीच, म्हणून मला तो लागला. तीच ओळ मी जशीच्या तशी चिठ्ठीवर उतरवून दिली. तुमच्या मुलीने चिठ्ठीत होतं ते अक्षर न अक्षर टाइप केलं. नवं नाव आत गेलं, जुनी सात गेली. तिने काही भलतं दाबलेलं नाही. भलतं मी लिहून ठेवलं होतं.

मग त्याच संध्याकाळी कोणाचं नेट का बंद पडलं नाही? कारण स्क्विड एकदा पडताळलेला पासवर्ड काही वेळ लक्षात ठेवतो. आपण बदललं नसेल तर हा वेळ दोन तासांचा असतो. सगळे आत होते ते आतच राहिले, सात वाजता ऑफिस बंद झालं. सकाळी प्रत्येकजण नव्याने दारात उभा, आणि वहीत नाव नाही. बिघाड बुधवारी झाला, दिसला गुरुवारी. मधल्या रात्री जोराचा पाऊस, दोनदा लाईट गेलेली, म्हणून सगळ्यांचा संशय यूपीएसवर. माझाही, खरं सांगायचं तर. त्या दिवशी डिस्पॅचच्या नव्या मुलाला मात्र व्यवस्थित नेट मिळत होतं. पण त्याला विचारणार कोण, तो टेम्पोशी भांडत होता.

फोनवर मी ‘लॉग बघा’ म्हणालो, ते बरोबर होतं पण अर्धवट होतं. लॉगमध्ये टीसीपी डिनाइड (नकार) आणि ४०७ दिसलं की बिघाड, असं नसतं. ब्राउझर पहिल्यांदा पासवर्डशिवायच दार ठोठावतो, प्रॉक्सी ४०७ देऊन ‘नाव सांग’ म्हणतो, मग तो नाव सांगतो. ही रोजची रीत आहे. बघायचं ते हे, की ४०७ च्या पाठोपाठ त्याच मशीनच्या नावावर २००, म्हणजे ‘ठीक, जा’, येतो का. तुमच्याकडे ४०७ वर ४०७ चालले होते. हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. मी सावंतवाडीला दुसऱ्याच्या माळ्यावर वायर ओढत होतो, घाईत फोन ठेवला. ही माझी चूक.

आता शुक्रवारचं. आमच्या पोराने पासवर्डची फाईल उघडलीच नाही. त्याने कॉन्फिगमध्ये (स्क्विडच्या नियमांच्या फाईलमध्ये) ‘ऑफिसच्या नेटवर्कला सगळं मोकळं’ अशी एक ओळ पासवर्डच्या नियमाच्या वर टाकली. स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि पहिला जो लागू पडेल तिथेच थांबतो. मोकळीक वर आली, पासवर्डपर्यंत कोणी पोचेचना. ‘झाला चालू, आता काय टेन्शन नाय,’ म्हणून तो परत आला. टेम्पो सुटावा म्हणून तात्पुरतं केलं, ते एक वेळ समजू शकतो. तीन आठवडे तसंच राहिलं ते समजू शकत नाही, आणि मी त्याला विचारलं नाही हेही.

याचं नुकसान तुम्ही लिहिलंय त्याहून थोडं जास्त आहे, म्हणून सांगून टाकतो. कोण काय उघडतं याची नोंद राहावी म्हणून तुम्ही सर्व्हर घेतलात. त्या तीन आठवड्यांच्या लॉगमध्ये माणसाच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. मशीनचा नंबर आहे, नाव नाही. ते आता परत मिळणार नाही. बाहेरचं कोणी आत शिरलं नाही एवढं मात्र तपासलं: ३१२८ हा प्रॉक्सीचा पोर्ट (दरवाजा) बाहेरच्या बाजूने फायरवॉलवर बंद होता आणि आहे.

सकाळी पासवर्ड विचारण्याबद्दल मी माघार घेणार नाही. ब्राउझर बंद करून उघडला की तो विचारणारच. मोबाईलवर काहीही सेटिंग न करता सगळं आपोआप प्रॉक्सीतून जावं आणि तरी प्रत्येकाचा पासवर्ड असावा, ही तुमची मागणी मी तेव्हाही नाकारली होती. आपोआप वळवलेल्या मोबाईलला मध्ये प्रॉक्सी आहे हेच ठाऊक नसतं, तो त्याला पासवर्ड देणार कसा? दोन्ही एकदम होत नाही, कुडाळात नाही नि मुंबईतही नाही.

कॅशेचं मात्र तुमचं बरोबर. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद, आहेत. बंद पाकीट प्रॉक्सी पुढे पोचवतो, उघडून आपल्याकडे प्रत ठेवू शकत नाही. नेट पळेल हे दहा वर्षांपूर्वीचं बोलणं मी सवयीने बोललो. तुमचा उपयोग नोंदीचा आणि बंधनाचा आहे, वेगाचा नाही, असं विकतानाच सांगायला हवं होतं.

रविवारी केलं ते असं. मोकळीकीची ओळ काढली. बिलिंगच्या प्रोग्रॅमला पासवर्ड टाकायची खिडकीच नाही, म्हणून फक्त त्याच्या सर्व्हरपुरती सूट वर ठेवली, बाकी सगळं पासवर्डमागे. आठही नावं पुन्हा घातली, बदल चालू करण्याआधी कॉन्फिग तपासून घेतली. फाईलची रोज रात्री एक प्रत निघेल. आणखी एक: हा पासवर्ड ऑफिसच्या वायरवरून जवळजवळ उघडाच जातो. बँकेचा किंवा जीएसटीचा पासवर्ड कोणी इथे ठेवला असेल तर आजच बदला.

शुक्रवारच्या खेपेचे ६०० रुपये परत करतोय, रविवारचे घेतलेले नाहीत. रिव्ह्यू काढा म्हणणार नाही. तुमचे दोन दिवस गेले ते गेलेच.

शनिवारी अकराच्या आत येतो, नवी चिठ्ठी लॅमिनेट करून आणतोय, त्यात ‘-सी’ नाही. एक नाव तुमच्या मुलीकडूनच माझ्यासमोर घालून घेऊ. तोवर तिला हे उत्तर वाचायला द्या.