राघूला उभी माती लागते

पक्ष्यांच्या वागण्यावरचं माझं सगळ्यात आवडतं संशोधन आपल्या पुण्यातल्याच मंडळींचं आहे, आणि ते पुण्यातच फारसं कुणाला माहीत नसतं. पक्षी वेडा राघू. तारेवर बसणारा, सडपातळ, हिरवा, शेपटीच्या मधून काडीसारखी पिसं बाहेर आलेली. हवेतच माशी धरतो आणि परत येऊन तारेवर आपटून खातो.

तेव्हा गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे (हो, सूक्ष्मजीवशास्त्र!) मिलिंद वाटवे आणि त्यांचे सहकारी यांनी या पक्ष्याला एक साधा प्रश्न विचारला. घरट्याजवळ माणूस दिसला की राघू बिळात शिरायचं टाळतो. पण तोच माणूस जवळपास तेवढ्याच अंतरावर, जिथून बीळ दिसतच नाही अशा जागी उभा असेल तर? राघू जास्त वेळा आत शिरले. मग पुढचा प्रयोग: माणूस कुठे बघतोय यानं काही फरक पडतो का? पडतो. मान घरट्यापासून जितकी दुसरीकडे वळलेली, तितकी आत शिरण्याची शक्यता जास्त. गंमत अशी की माणसाची नजर स्वतः पक्ष्यापासून किती दूर आहे याचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे 'हा माझ्याकडे बघतोय का' यापेक्षा 'याला माझं घर दिसतंय का' हा हिशोब. हे २००२ मध्ये 'ॲनिमल कॉग्निशन'मध्ये छापून आलं. याला 'दुसऱ्याचं मन ओळखणं' म्हणायचं का, यावर शास्त्रज्ञ भांडू देत. मला त्यातला काटकसरीपणा भावतो. उभं राहायला माणूस, बघायला माणूस आणि एक बीळ.

आता त्या बिळाबद्दल. राघू झाडावर घरटं करत नाही. मातीच्या उभ्या कडेला, ओढ्याच्या काठाला, रस्त्यासाठी कापलेल्या दरडीला चोचीनं आणि पायांनी आडवा बोगदा खणतो आणि आत टोकाला अंडी घालतो. खंड्याचंही असंच. आणि आपली शहरातली जैवविविधतेची कल्पना म्हणजे रोपं लावणे! टेकड्यांवरच्या गवताळ माळावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया, मूळचं परदेशी झाड) गर्दी करून आपण खूश. ओढ्याला दोन्हीकडून काँक्रीटची भिंत, वर पेव्हर ब्लॉक, कुंड्या, बाक, झालं सुशोभीकरण. उद्घाटनाच्या फलकावर हमखास एखाद्या पक्ष्याचं चित्र.

आमच्या भागातली एक दरड अशीच भर एप्रिलमध्ये लिंपली. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, 'ताई, तिथे एकसुद्धा झाड नव्हतं, तोडलं काय आम्ही?' झाडांच्या कायद्याच्या भाषेत बरोबरच असेल. झाड तोडायला परवानगी लागते, मातीच्या काठाची कुणी मोजणीच करत नाही. प्रकल्पाच्या अहवालात तो काठ 'मोकळी जागा' असतो.

माती घसरून घरांवर येणार असेल तर भिंत बांधाच, त्याला कोण नाही म्हणतंय? पण जिथे धोका नाही तिथला काठ केवळ ओबडधोबड दिसतो म्हणून लिंपू नका. आणि बांधायचीच असेल तर मार्च ते जून सोडून बांधा, तेव्हा बिळांत पिल्लं असतात. आपल्या वॉर्डात असं काम निघालं असेल तर काठावर बिळं आहेत का ते आधी लांबूनच बघा. फोटो काढा, तारीख टाका आणि काम सुरू व्हायच्या आत वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.