भीमाच्या अंगाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी चूक कबूल करतो. टीव्हीवरच्या ‘महाभारत’ मालिकेत भीम झालेल्या प्रवीणकुमार सोबतींना मी त्यांच्यावरच्या लेखात ‘ऑलिंपिक गाजवलेला खेळाडू’ म्हणालो, ते तुम्ही बरोबर पकडलंत. 1968 ला मेक्सिकोत हातोडाफेक, 1972 ला म्युनिकमध्ये थाळीफेक. दोन्हीकडे अंतिम फेरी हुकली. गाजवलं ते आशियाई मैदान. थाळीफेकीत बँकॉकला 1966 आणि 1970 अशी लागोपाठ दोन सुवर्णं, 1974 ला तेहरानमध्ये रौप्य. शिवाय किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीचं रौप्य, तेही अठराव्या वर्षी. लेखातला शब्द बदललाय.

पण ‘साडेसहा फूट उंची होती म्हणून भीम मिळाला, त्यात अभिनय कसला?’ हे काही पटलं नाही. उंचीमुळेच मिळाला, मान्य. पुढचं काय? हातोडाफेकीचं वर्तुळ जेमतेम सात फुटांचं. त्यात सव्वासात किलोचा हातोडा, म्हणजे तारेला बांधलेला गोळा, घेऊन गरगर फिरायचं. तोल जाऊन पाऊल बाहेर पडलं की फेक बाद. एवढा देह एवढ्याशा जागेत आवरायची ती सवय मला त्यांच्या भीमात दिसते. द्यूतसभेचा भाग पुन्हा बघा. अंगात ताकद मावत नाहीये आणि थोरल्या भावापुढे हात बांधलेले. प्रतिज्ञेच्या गर्जनेपेक्षा ते आधीचं घुसमटणं माझ्या जास्त लक्षात राहिलंय.

संवादफेक बेताचीच, तिथे तुमच्याशी भांडत नाही. रविवारी सकाळी भीम लांबलचक बोलायला लागला की आमची आजीच म्हणायची, “बोलू नको रे बाबा, गदा उचल!”

माझा राग वेगळ्याच लोकांवर आहे. ‘शहेनशाह’मध्ये मुख्तार सिंग, म्हणजे धिप्पाड गुंड. भीमानंतर ‘चाचा चौधरी’त साबू, म्हणजे पुन्हा अवाढव्य देहच. सीमा सुरक्षा दलात नोकरी केलेला माणूस. त्याला एखादा थकलेला फौजदार, एखादा हळवा बाप द्यावा, असं मी पाहिलेल्या सिनेमांत तरी कुणाला सुचलेलं नाही. ‘चरित्र अभिनेता’ म्हणणं तुम्हाला जास्तीचं वाटतं? काढतो. पण जे काम कुणी दिलंच नाही, ते जमलं नाही असं त्यांच्या नावावर का मांडायचं?

आणि हो, किंग्स्टनचा आकडा विचारलात: 60.12 मीटर.