‘इस्पिकचा गुलाम’ यांना उत्तर: आठ महिने म्हणजे नेमके किती डाव?

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि मनापासून चिडून लिहिलेली आहे, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकणं बरं दिसणार नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ओळखीतला एक तरुण मित्रांच्या टेबलावर आठ महिने पोकरमध्ये जिंकतो आहे आणि त्या जोरावर नोकरी सोडून पूर्णवेळ खेळायला निघाला आहे. त्याची स्वतःबद्दलची खात्री आणि त्याचा प्रत्यक्ष खेळ यांचा मेळ बसत नाही, असं मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. पोकर कौशल्याचा खेळ आहे आणि मी त्याला जुगारात काढला. क्रिस मनीमेकरही हौशीच होता, तरी पोकरची वर्ल्ड सिरीज जिंकला. आणि आठ महिने सलग फायद्यात असलेल्या माणसाला ‘अतिआत्मविश्वासू’ म्हणणारा मी कोण?

पहिल्या आक्षेपात तुम्ही माझ्या तोंडी भलतंच वाक्य घातलंय. कौशल्याचा खेळ आहे, हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि काळजी नेमकी त्याचीच आहे. निव्वळ नशिबाचा मामला असता तर नवखा आणि मुरलेला एकाच पायरीवर असते. इथे तसं नाही. इथे कमी जाणणाऱ्याच्या चिप्स (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) हळूहळू जास्त जाणणाऱ्याकडे सरकत जातात. सगळी मेख त्या ‘हळूहळू’त आहे. बुद्धिबळात नवखा माणूस ग्रँडमास्टरसमोर बसला तर तासाभरात त्याला त्याची जागा कळते. दुसऱ्या दिवशी बसला तरी तेच. पोकरमध्ये तोच नवखा जगातल्या उत्तम खेळाडूला एखाद्या रात्री लुटून घरी जाऊ शकतो, आणि का जिंकलो हे त्याला कोणी सांगत नाही. मग कारण तो स्वतःच ठरवतो.

लेखात मी त्याचा एक डाव नुसता उल्लेखून सोडला होता. तुम्ही त्यावर ‘याला म्हणतात वाचन’ (म्हणजे समोरच्याचे पत्ते ओळखणं) असा शेरा मारलात, म्हणून तो डाव इथे पूर्ण मांडतो. मी शेजारीच बसलो होतो. त्याच्या हातात बदामची सत्ती-छक्की. टेबलावर चार पत्ते उघडलेले: बदाम राजा, बदाम तिर्री, चौकट गुलाम, किलवर दुर्री. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १०० चिप्स, आणि समोरच्याने आपल्या उरलेल्या १०० पुढे सरकवल्या. समोरच्याकडे निदान राजांची जोडी आहे हे टेबलावरच्या सगळ्यांना दिसत होतं. याला जिंकायला रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, बदामच हवा होता; पाच बदाम झाले की ते जोडीवर मात करतात. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. म्हणजे संधी वीस टक्क्यांच्या आतच. आणि १०० घालून २०० मिळवायचे तर निदान तेहतीस टक्के संधी हवी. क्षणाचाही विचार न करता याने कॉल केला, म्हणजे समोरच्याएवढ्याच चिप्स घातल्या. रिव्हरवर बदाम नव्वी आली. समोरच्याने एक्का-राजा उलटा करून ढकलला, आणि हा खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “मला माहीत होतं येणार.”

आता हाच कॉल ४६ वेळा केला असं धरा. ९ वेळा २०० मिळाले, म्हणजे १,८००. ३७ वेळा १०० गेले, म्हणजे ३,७००. दर कॉलमागे सुमारे ४१ चिप्सचा तोटा. त्याच्या वहीत त्या रात्री २०० जमा झाले. खरं तर तिथे ४१ नावे पडायला हव्या होत्या. तुम्ही ज्याला वाचन म्हणता ते हे.

आणि त्याच आठवड्यात त्याची एक्क्यांची जोडी दुसऱ्याच्या राजांच्या जोडीपुढे हरली. सगळ्या चिप्स फ्लॉपच्या (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) आधीच आत गेल्या होत्या. अशा वेळी एक्के साधारण ८२ टक्के पुढे असतात, म्हणजे पाच-सहा वेळांत एकदा ते हरणारच. यात गाऱ्हाणं करण्यासारखं काही नाही. पण हा डाव तो आजही ‘नशिबाने दगा दिला’ म्हणून सांगतो. जिंकलो तर अक्कल, हरलो तर नशीब. (त्यानंतरचा अर्धा तास तो हाताला येतील त्या पत्त्यांवर रेझ करत, म्हणजे रक्कम वाढवत, सुटला होता. टिल्ट म्हणतात ते हेच, पण तेही त्याला मान्य नाही.)

आता तुमचा मुख्य मुद्दा, ते आठ महिने. ऐकायला हा काळ भरभक्कम वाटतो. पण पोकरमध्ये महिने मोजत नाहीत, डाव मोजतात. आठवड्याला दोन बैठका, प्रत्येकी चार-साडेचार तास, तासाला तीसेक डाव. सगळं उदारपणे धरलं तरी बेरीज दहा हजारांच्या आसपास येते. नो-लिमिट होल्डम या पोकरच्या प्रकारात शंभर डावांमागचं प्रमाण विचलन (नशिबाने निकाल किती वर-खाली होतो त्याचं माप) साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावायची रक्कम) असतं. ९० धरू. ते डावांच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून दहा हजार डावांत ते ९०० बिग ब्लाइंड होतं. शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगला समजला जातो. त्याची दहा हजार डावांतली अपेक्षित कमाई ५००. म्हणजे नशिबाचा हेलकावा कमाईच्या जवळपास दुप्पट. असा चांगला खेळाडूही दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता तीस टक्क्यांजवळ जाते. उलट शंभर डावांमागे ३ गमावणारा, म्हणजे शेवटी बुडणारच असा खेळाडू, तेवढ्याच डावांनंतर फायद्यात दिसण्याची शक्यता सदतीस टक्क्यांच्या घरात. तुमचा ‘सलग आठ महिने फायदा’ या दोघांपैकी कोणाचा, हे ती वही सांगूच शकत नाही. तो वाईटच खेळाडू आहे असा दावा मी आकड्यांवरून केलेला नाही. केला तो त्या बदाम नव्वीच्या कॉलवरून, आणि तसल्या इतर कॉलवरून.

हे गणित कागदी वाटत असेल तर प्रत्यक्ष घडलेलं ऐका. २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘क्लॉडिको’ हा प्रोग्रॅम चार व्यावसायिक खेळाडूंशी समोरासमोर ८०,००० डाव खेळला. नशीब कापलं जावं म्हणून तेच पत्ते दोन ठिकाणी बाजू उलटवून वाटले होते. शेवटी माणसं सात लाखांहून जास्त चिप्सनी पुढे होती. तरी विद्यापीठाने निकाल दिला: सांख्यिकीदृष्ट्या बरोबरी. खेळाडूंना तो पटला नाही, त्यावर वाद झाला. २०१७ मध्ये ‘लिब्राटस’ आला तेव्हा डाव १,२०,००० केले, आणि तो प्रोग्रॅम शंभर डावांमागे १४ हून जास्त बिग ब्लाइंडनी जिंकला तेव्हा कुठे वाद मिटला. ऐंशी हजार डाव, तेही व्यावसायिकांचे, तेही नशीब कापून, आणि कोण चांगला यावर एकमत होईना. आपल्या दोस्ताचा निकाल मात्र दहा हजारांत लागला, म्हणे.

मनीमेकरचं उदाहरण तुम्ही देणार हे अपेक्षितच होतं. ते खरंच आहे. व्यवसायाने अकाउंटंट, ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (पात्रता स्पर्धेतून) २००३ च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत शिरला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. पण ती एक स्पर्धा होती. एक स्पर्धा जिंकणं आणि दर महिन्याचं भाडं पोकरवर भरणं हे वेगवेगळे धंदे आहेत. त्याला पाहून किती जण आले तेही बघा: पुढच्या वर्षी २,५७६ आणि २००६ मध्ये ८,७७३. त्यातल्या बहुतेकांच्या मनात तुमचाच युक्तिवाद असणार. पहिला नंबर तरी दरवर्षी एकाचाच.

खरं तर मला मनीमेकरपेक्षा स्टू उंगर जास्त बोलका वाटतो. तीच मुख्य स्पर्धा त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकली. त्याच्या कौशल्याबद्दल शंका घेणारा मला तरी भेटलेला नाही. पण पैसा सट्ट्यात आणि अमली पदार्थांत गेला. १९९७ ला प्रवेशाची रक्कमही दुसऱ्याने भरली होती, त्यामुळे बक्षिसाचे दहा लाख डॉलर वाटून घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो एका मोटेलच्या खोलीत जवळपास कफल्लक अवस्थेत वारला. पत्ते कळणं आणि बँकरोल (खेळासाठी राखलेला पैसा) सांभाळणं यांत एवढं अंतर असतं. आपल्या तरुणाकडे घरखर्चाचे पैसे आणि खेळायचे पैसे एकाच खात्यात आहेत. हे मी लेखात लिहिलं होतं, तुम्ही त्याला हातही लावला नाहीत.

आणखी एक गोष्ट मित्रांच्या टेबलावर नसते: रेक. बाहेर प्रत्येक पॉटमधून खेळ चालवणारा आपला वाटा काढतो. त्यामुळे सरासरीपेक्षा थोडा बरा खेळाडूही तोट्यात जातो. शिवाय तिथे समोर तेच चार दोस्त नसतात.

तुमचा ‘मत्सर’ वगैरे भाग सोडून देतो.

शेवटी तुम्ही आव्हान दिलंय, ‘एकदा माझ्यासमोर टेबलावर बसा, मग कळेल.’ बसतो की, कधीही. फक्त आधीच सांगून ठेवतो: तुम्ही जिंकलात तरी मी माझं मत बदलणार नाही, आणि मी जिंकलो तर तुम्ही तुमचं बदलू नका. एका रात्रीत तीनेकशे डाव होतात, जेमतेम.