‘मन मोठं करा, डॉलर येईल’ म्हणे!

निर्यातदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार एवढंच: छोटा निर्यातदार मागे पडतो तो पैशाबाबतच्या ‘गरीब मानसिकते’मुळे. कर्जाला भिऊ नका, गिऱ्हाइकाला मोकळ्या हाताने उधारी द्या, रुपया घसरतोच, फायदा ठरलेला.

मी नाशिककडच्या द्राक्ष-कांदा निर्यातदारांचे हिशेब बघतो. मालकाचा स्वभाव ताळेबंदात उतरतो, यात वाद नाही. पण उतरतो तो असा नाही.

आधी उधारी. समजा कंटेनरचं बिल ३० लाख, खर्च २७ लाख. माल बांधल्यापासून पैसे यायला १२० दिवस लागले, तर १० टक्क्यांनी नुसतं व्याजच ८९ हजारांच्या घरात जातं. ३ लाखांच्या नफ्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा! द्राक्षं कन्साइनमेंटवर, म्हणजे तिकडे विकली जातील त्या भावाने, गेली असतील तर वर अकाउंट सेल, म्हणजे विक्रीचा आणि कापलेल्या खर्चाचा हिशेब, येतो: कमिशन, रिपॅकिंग, क्वालिटी क्लेम (मालाच्या दर्जाबद्दलची कपात). मोठ्या मनाचा मालक हा कागद उघडतसुद्धा नाही. बिल फाडलं म्हणजे पैसे आले, अशी त्याची समजूत.

कर्जाची भीती? ऑर्डर हातात असताना पॅकिंग क्रेडिट (माल पाठवण्याआधी बँक देते ते कर्ज) न घेणारे आहेत, आणि ते हंगाम गमावतात. इथे मेसेज अर्धा खरा. पण त्याच क्रेडिटमधून बंगल्याचा स्लॅब टाकणाराही मी पाहिलाय. मार्चमध्ये बँकेचा फोन आला तेव्हा पेमेंट आलेलं नव्हतं आणि स्लॅब काही परत विकता येत नव्हता. धाडसी होता की हो तो!

रुपयाचं म्हणाल, तर २००७च्या सुरुवातीला ४४च्या आसपास असलेला डॉलर वर्षभरात ३९वर आला होता; म्हणजे रुपया घसरला नाही, वधारला, आणि निर्यातदाराच्या हाती रुपये कमी आले. घाबरलेल्या तिरुपूरच्या कित्येक कापड निर्यातदारांनी बँकांकडून येन-फ्रँकच्या भावाला जोडलेली डेरिव्हेटिव्ह, म्हणजे चलनाच्या चढउतारावरचे गुंतागुंतीचे करार, घेतली आणि हात पोळून घेतले. प्रकरण कोर्टात गेलं, २०११मध्ये रिझर्व्ह बँकेने १९ बँकांना दंडही केला. साधं फॉरवर्ड बुकिंग (पुढे येणाऱ्या डॉलरचा भाव बँकेशी आजच ठरवणं) कंटाळवाणं असतं, पण निदान समजतं तरी.

आणि सगळं मानसिकतेवरच असेल, तर ८ डिसेंबर २०२३ला कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा कुणाचं मन छोटं पडलं होतं? ती ४ मे २०२४ला उठली, तीही ४० टक्के शुल्कासह.

माझ्याकडे एक मालक आहेत, ग्रुपवर त्यांना चिंगूस म्हणतात. घरखर्चासाठी ठरलेला पगार उचलतात, ईसीजीसीचा, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या सरकारी विम्याचा, हप्ता कधी चुकवत नाहीत. दर सोमवारी फोन करतात. किती माल गेला ते विचारत नाहीत. विचारतात, “रॉटरडॅमवाल्याचे आले का?”