चौदा दिवसांचे गुरुजी

फेब्रुवारी सरत आला की उपासनेनंतरच्या कॉफीच्या टेबलावर, डोनटच्या खोक्याशेजारी, चर्चच्या इंग्रजी शिकवायच्या मिशन ट्रिपचा एक कागद येऊन पडतो. वर 'कंबोडिया, जून', खाली पंधरा रिकाम्या ओळी आणि दोरीला बांधलेलं पेन. तुम्ही नगरहून येऊन डॅलसला रुजलेल्या घरातले. नोकरी बरी, कर्ज फिटत आलेलं, रविवार न चुकवता चर्चच्या मंडळीत हजर. यंदा नाव घालाच. मी दोनदा जाऊन आलोय, तेव्हा या चार गोष्टी अनुभवाच्या समजा.

पहिली शंका पाचारणाची, म्हणजे देवाने खरंच बोलावलंय का, याची येईल. ती काढून टाका. आपली जीभ जड आहे अशी सबब बायबलमधल्या मोशेनेही देवाला सांगितली होती, आणि ती चालली नाही. इथे पात्रता एवढीच की इंग्रजी बोलता आलं पाहिजे. शिकवता येतं का, हे कोणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. उद्या तुमच्या लेकीच्या शाळेत कंबोडियातून पंधरा उत्साही मंडळी आली, शिक्षणशास्त्राचा गंध नाही, पोरांची भाषा येत नाही, आणि चौदा दिवस वर्ग आमच्या ताब्यात द्या म्हणाली, तर तुम्ही प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर ठाण मांडाल. पण ती तुमची लेक आहे.

मग पैसे. नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना पत्र लिहायचं. त्यात 'प्रार्थनेने किंवा दानाने' असं म्हणायचं आणि बँकेचा तपशील दानाच्या बाजूचा द्यायचा. आमच्या वेळी माणशी साडेतीन हजार डॉलर लागले. पंधरा जणांचे साडेबावन्न हजार. तिथल्या एका शिक्षकाला महिन्याला तीनशे डॉलर धरले तर एवढ्यात चौदा शिक्षकांचा वर्षभराचा पगार निघतो, हा हिशेब मी विमानात पेपर नॅपकिनवर केला आणि नॅपकिन हवाईसुंदरीच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला. तुम्ही मुळात करूच नका. पैसे पाठवून दिले तर फोटोत कोण दिसणार?

टी-शर्ट सगळ्यांचे एका रंगाचे. पाठीवर बायबलमधलं मत्तय २८:१९, म्हणजे 'जा आणि सर्व राष्ट्रांना शिष्य करा'. पुढचं विसावं वचन छापत नाहीत. त्यात 'युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे' असं आहे, आणि आपलं परतीचं तिकीट पंधराव्या दिवसाचं असतं.

विमानतळावर व्हिसाच्या खिडकीत पर्यटनाचे ३० डॉलर होते आणि कामाबिमासाठी जो साधा व्हिसा असतो त्याचे ३५. आमच्या टीमलीडरने सगळ्यांचे पर्यटनाचे काढले. माणशी पाच डॉलर वाचले आणि अर्जावर पहिली ओळही खरी लिहिली गेली, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

भाषा शिकण्याच्या भानगडीत पडू नका, हे मात्र मी कळकळीने सांगतो. मी पडलो नव्हतो तरी पस्तावलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'ए फॉर ॲपल'चे तक्ते घेऊन वर्गाबाहेर उभा होतो. (सफरचंद तिथे बाहेरून येतं. अंगणात आंबा होता, पण आंब्याचा नंबर 'एम'ला.) आतमध्ये पोरं काहीतरी घोकत होती. क, ख, मग जरा ओकारान्त को, खो, आणि शेवटी ङो. नंतर च-वर्ग, मग पुढचे. मी तक्ते हातात धरून तसाच उभा. ही तर आपली वर्णमाला! तोच क्रम, तेच पाच-पाचाचे वर्ग, नगरच्या मराठी शाळेत बाईंनी छडीच्या तालावर म्हणून घेतलेले. ख्मेर या तिथल्या बोलीत भाषेला 'फिएसा' म्हणतात, ती आपली भाषाच. मास्तरांना म्हणतात 'लोक क्रू', आणि त्यातला क्रू म्हणजे आपला गुरू. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याकडून गेलेलं सामान या पोरांच्या तोंडी होतं आणि मी टेक्सासहून त्यांना अक्षरओळख करून द्यायला आलो होतो. असे क्षण टाळा. कानात इअरफोन घालून बसा.

गावचे प्रमुख पहिल्या दिवशी भेटतील. मला विचारलं, कुठून आलात? म्हटलं, अमेरिका. त्यांनी टीममधल्या बाकी चौदा जणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दुभाष्याला म्हणाले, यांना नीट विचार. इंडिया म्हटल्यावर चेहरा उजळला. 'रीआमकेर!' म्हणजे त्यांचं रामायण. मग हनुमानाबद्दल पंधरा मिनिटं बोलले. टीमलीडर घड्याळ बघत होते. नगरच्या ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे मला हनुमान बाहेरच्या वाटेवरच्या देवळातला ठाऊक. पण त्या पंधरा मिनिटांत मी टीममधला सगळ्यात उपयुक्त माणूस होतो, आणि पूर्ण चौदा दिवसांत ही वेळ पुन्हा आली नाही.

आता प्रत्यक्ष शिकवणं. अर्धा तास नाचगाणं, दहा मिनिटं रंग, शेवटी गोष्ट. सुरुवात लालपासून करा. गेल्या वर्षीच्या टीमने लालपासून केली होती, त्याआधीच्यांनीही. निळ्यापर्यंत पोचतापोचता दोन आठवडे संपतात, त्यामुळे त्या गावात जांभळ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे अजून कळलेलं नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी सलग तिसऱ्या वर्षी 'आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?' म्हणत होती आणि म्हणताना माझ्याकडे अशी बघत होती की, घाबरू नका, जमेल तुम्हालाही. नाचातल्या स्टेप्स मी चुकलो की ती हळूच हाताने दाखवायची.

वर्गात मागे एक तरुण उभा असेल. शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. त्याला 'आमचा ट्रान्सलेटर' म्हणत चला. तो खरंतर तिथला इंग्रजीचा लोक क्रू असतो. सरकारी शाळा अर्धा दिवस भरते, पोरं एका पाळीत तिकडे आणि दुसऱ्या पाळीत याच्याकडे. वर्षाचे साडेअकरा महिने तो शिकवतो, जूनमध्ये चौदा दिवस फळा आपल्याला देतो आणि आपण काय म्हणालो ते पोरांना समजावतो. पाहुणे गेल्यावर तुटलेला धडा जोडून घ्यायला त्याला किती दिवस लागतात, हे मी विचारलं होतं. तो हसला. ते हसणं कृतज्ञतेचं आहे असं अहवालात लिहा.

गोष्ट संपल्यावर डोळे मिटायला सांगायचं आणि येशूला हृदयात घेणाऱ्यांनी हात वर करा म्हणायचं. आमच्या वर्गात त्रेचाळीस पोरं होती, त्रेचाळीस हात वर आले. सकाळपासून हात वर केला की स्टिकर मिळत होता, हा तपशील इथे गौण. त्रेचाळीस हा आकडा घरी कळवा. आदल्या वर्षीच्या टीमने एकेचाळीस कळवले होते. पोरं तीच, दोघं तेव्हा तापाने घरी होती. त्या देशात बहुतांश लोक थेरवादी बौद्ध आहेत आणि दारोदार फिरून धर्मप्रसार करायला सरकारची मनाई आहे, म्हणूनच तर आपण फक्त इंग्रजी शिकवतो. नाही का?

अनाथालयाची भेट कार्यक्रमात असतेच. कडेवर पोर घेतलेला फोटो तिथेच मिळतो. कंबोडियातल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफ वर्षानुवर्षं सांगत आलंय. पाहुणे येतात म्हणून पोरं येतात आणि पोरं आहेत म्हणून पाहुणे. राजधानी नॉम पेन्हमध्ये 'मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हेत' अशा अर्थाची पोस्टर्स दिसतील. रिक्षा पुढे जाईपर्यंत उजवीकडे बघा.

एका विषयावर मात्र सावध राहा, कारण तुम्ही नगरचे. तुमच्या आजीने फरारबाईंचं नाव घेतलेलं असणार. सिंथिया फरार. लग्न न करता १८२७ साली बोस्टनच्या मिशनने मुंबईला धाडलेल्या, पुढे नगरला आल्या, आधी मराठी शिकल्या आणि मग मुलींना शिकवत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि पुण्याला परतून मुलींसाठी शाळा काढली. बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. पस्तीस वर्षं! त्यांच्याआधी १८१३ मध्ये मुंबईला आलेले त्याच मिशनचे गॉर्डन हॉल नाशिककडे कॉलऱ्याने गेले. ही माणसं काही देवदूत नव्हती. तुमच्या-माझ्या पणजोबांच्या देवांना त्यांनी वाट्टेल ते म्हटलं, आणि आपल्या माणसांना 'नेटिव्ह' म्हणत राहिले, त्याबद्दल आजीच्याही मनात एक ठुसठुस होती. पण लोकांची भाषा येईपर्यंत तोंड उघडू नये एवढी लाज त्यांना होती. टीमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत हा विषय काढू नका. मी काढला. टीमलीडर म्हणाले, 'वंडरफुल हेरिटेज!' आणि उद्या फुगे कोण फुगवणार, त्याची यादी काढली.

शेवटचे तीन दिवस विसाव्याचे. आपण थकलेले असतो. अंगकोरवटच्या जुन्या मंदिराचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचं ओवीबद्ध मराठी पुराण छापून निघालं १६१६ मध्ये. तीही सदतीस वर्षंच. तिकीट स्वस्त वाटलं ते तेव्हा. आत भिंतीवर लंकेचं युद्ध कोरलंय. टीममधली पोरं विचारतील, ही माकडं कोण? सांगा, लांबची ओळख आहे.

वाटेत नॉम पेन्हला टूल स्लेंग लागतं. १९७५ ते ७९ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने तिथे तुरुंग केला होता. त्याआधी ती शाळा होती. फळे अजून भिंतीवर आहेत. शिकलेल्या माणसांना, मास्तरांना त्या चार वर्षांत वेचून मारलं. इथे माझ्याकडे सल्ला नाही. बस दीड तासाने निघते.

घरी आलात की चर्चमध्ये सगळ्यांसमोर साक्ष, म्हणजे अनुभवाचं कथन, द्यावी लागेल. पडद्यावर स्लाइड, मागे हलकं पियानो. वाक्य ठरलेलं आहे, बदलू नका: 'आम्ही द्यायला गेलो होतो, पण घेऊनच आलो.' लोक डोळे पुसतील. वाक्य शब्दशः खरं आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि एवीतेवी पंधराएक दिवसांनी त्या इस्त्रीच्या शर्टवाल्या लोक क्रूचा मेसेज येईल. मला आला. 'सर, एक विद्यार्थिनी विचारते, आय ॲम वेटिंग सिन्स मॉर्निंग बरोबर की आय हॅव बीन वेटिंग? आणि का?' मी चाळीस वर्षं पहिलं म्हणत आलोय. दुसरं बरोबर आहे असा दाट संशय आहे, पण का, ते कुठे येतं? डॅलसमध्ये जन्मलेल्या टीममेट्सना विचारलं. ते म्हणाले, 'इट जस्ट साउंड्स राइट.' तेव्हा अशा मेसेजला हात जोडलेला इमोजी पाठवावा. जूनमध्ये भेटणारच आहात, लालपासून सुरू करता येईल.